भाऊजींनी पसंत केलेलं मशीन

भाऊजी आमटीचा नमुना दोन ठिकाणांहून घेत. एक डाव वरून आणि एक तळापासून. दोन वेगळ्या वाट्यांत घालून आधी ही चाखायची, मग ती, आणि मग मान हलवून म्हणायचं, "वहिनी, मिक्सिंग बरोबर आहे." आमटी कशी झाली ते मात्र सांगायचे नाहीत. सुरुवातीला मला राग यायचा. एवढी चिंच-गुळाची आमटी, अमेरिकेतल्या ट्रॉयमध्ये चिंच मिळवायची म्हणजे काय दिव्य होतं त्या काळात, आणि हा माणूस मिक्सिंगवर बोलतोय.

खरं तर ते आमच्या नात्यातले कोणी नव्हते. हे ज्या मोटार कंपनीत होते, तिथल्याच टेस्टिंग लॅबमध्ये भाऊजी ह्यांना सीनियर. पण अमेरिकेत आल्यावर सगळ्यांनी आपापली नाती नव्यानं जमवली, तसे ते आमचे भाऊजी झाले आणि आमच्या लेकीचे काका. मूळचे सांगलीचे. उंच, हडकुळे, उन्हाळ्यातसुद्धा स्वेटर घालणारे. लॅबमध्ये त्यांचं काम म्हणजे मोटारीची दारं उघडायची आणि मिटायची, ती मोडेपर्यंत. उघडायला-मिटायला यंत्र होतं, भाऊजी समोर बसून बघत. पगार घेऊन मोडतोड करणारा मराठी माणूस अख्ख्या ट्रॉयमध्ये हा एकच, असं हे म्हणायचे.

ती सवय घरी जाताना लॅबमध्ये ठेवून यावी की नाही? भाऊजी कुणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी खुर्ची धरून हलवून बघत. फ्रिजच्या दारात कागदाची पट्टी अडकवून, दार लावून, ती ओढून बघत. पट्टी सहज निघाली की घरच्या बाईकडे अशा नजरेनं बघायचे, की जणू तिनंच रबर कुरतडलं. एकदा आमची लेक न राहवून म्हणाली, "काका, इट्स जस्ट अ चेअर."

"चेअर आहे ते दिसतंय मला," भाऊजी म्हणाले. "मोडणार कुठे, ते बघतोय."

चालू असताना सगळीच मशीनं चांगली असतात, बिघडतं कसं ते बघायचं, हा त्यांचा एकच सिद्धांत. दुकानात मांडलेली वस्तू म्हणजे रुखवत, म्हणायचे. रुखवत बघून कोणी संसार ठरवतं का? म्हणून आमच्या मराठी मंडळातलं कोणी फ्रिज, गादी किंवा जुनी गाडी घ्यायला निघालं की आधी भाऊजींना फोन जायचा. ते सोबत जायचे, वस्तूभोवती फेऱ्या मारायचे, खाली झोपून बघायचे आणि म्हणायचे, "बघू." या 'बघू'मध्ये ऋतू उलटून जायचे. एका जोडप्यानं पाळणा घ्यायचा म्हणून भाऊजींना विचारलं, तर त्यांचा निर्णय येईपर्यंत बाळ चालायला लागलं होतं.

लग्न त्यांनी केलं नव्हतं, आणि त्याचीही एक गोष्ट होती. तरुणपणी मिरजेला मुलगी बघायला गेले होते. सगळे गाणं येतं का, स्वयंपाक येतो का, असं विचारत होते. भाऊजींनी विचारलं, "राग आला की तुम्ही काय करता?" ती मुलगी म्हणाली, "हे बघा, असं करते," आणि पोह्यांची बशी उचलून आत निघून गेली. आम्ही सगळे ही गोष्ट ऐकून पोट धरून हसायचो. एकदा मात्र सगळे गेल्यावर, मी भांडी आवरत असताना, भाऊजी बूट घालता घालता म्हणाले, "पास होती ती, वहिनी. मला कळवायला उशीर झाला."

ज्या वर्षाची गोष्ट सांगायचीय, त्या वर्षी फेब्रुवारीत ह्यांना हार्ट अटॅक आला. वय चाळिशीच्या जरा पुढे. सकाळी घरासमोरच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्यानं काढून आत आले आणि बूट न काढताच जिन्याच्या पायरीवर बसले. म्हणाले, "जरा गरम होतंय." बाहेर हाडं गोठवणारी थंडी आणि ह्यांच्या कपाळावर घाम. ह्यांचं ते वाक्य आणि बुटांखाली वितळून साचलेलं पाणी, एवढंच मला त्या सकाळचं नीट आठवतं. बाकीचं अँब्युलन्समध्ये आणि हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये कुठेतरी हरवलं.

वाचले. डॉक्टर चांगले होते, मोजकं बोलणारे. घरी सोडताना म्हणाले, तेल कमी, सिगरेट बंद, चालणं रोज, आणि फावडं पुन्हा आयुष्यात हातात धरायचं नाही. ह्यांनी सगळ्याला मान हलवली. सिगरेट खरंच सुटली, तेलही मी कमी केलं. फावड्याबद्दल मात्र मला ह्यांचा भरवसा नव्हता. हे कोकणातले. दारातलं काम दुसऱ्याला सांगणं म्हणजे ह्यांना भीक मागण्यासारखं वाटे. शेजारचे ऐंशीच्या घरातले आजोबा स्वतः फावडं मारायचे, ते बघून तर ह्यांचा जीव आणखीनच जायचा. एप्रिलमध्ये मी कामावरून आले, तर हे मागच्या अंगणात कुदळ घेऊन टोमॅटोसाठी वाफे करत होते. मी सरळ घरात गेले. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. पुढच्या हिवाळ्यात या माणसाला कसं आवरायचं, याच विचारात मी तो सगळा उन्हाळा काढला.

पैसे देऊन बर्फ काढायला माणूस लावू, असं मी सुचवलं. हे म्हणाले, "घर आपलं, ड्राइव्हवे आपला, आणि लोकांना बोलवायचं?" मग बर्फ उडवून टाकणारं मशीन, स्नो ब्लोअर, घेऊ म्हटलं. त्याला हे तयार झाले, पण "चालवणार मीच," असं म्हणू लागले. ते मशीन पेट्रोलवर चालत असलं तरी वळवायचं, मागे ओढायचं, सुरू करायला दोरी खेचायची म्हणजे छातीवर ताण आलाच. मी म्हटलं, मशीन मी चालवणार. ह्यांनी पेपर तोंडासमोर धरला. तेव्हा मी भाऊजींना फोन केला.

भाऊजींनी पहिला प्रश्न विचारला, "ओढणार कोण?"

"मी."

"मग निवडणार पण तुम्हीच. मी फक्त बरोबर येतो."

एक सांगायलाच हवं, की भाऊजी स्वतः अपार्टमेंटमध्ये राहत. तिथला बर्फ मालकाची माणसं काढत. आयुष्यात त्यांनी स्नो ब्लोअरला हात लावला नव्हता. पण त्यांनी अभ्यास सुरू केला आणि आमच्या प्रत्येक शनिवारची सकाळ त्यात गेली.

अभ्यास त्यांनी माझ्या स्वयंपाकघरात सुरू केला. ओट्यावर एका ताटलीत रवा घेतला, दुसरीत भिजवलेला साबुदाणा, आणि तिसरीसाठी माझ्याकडून सांजा करून घेऊन तो गार होऊ दिला. "स्नो तीन प्रकारचा, वहिनी," ते म्हणाले. "हा रवा. कोरडा. झाडूनंसुद्धा जातो. हा साबुदाणा. ओला, जड, मशीनच्या नळीत चिकटतो. आणि हा गार सांजा. सिटीचा प्लाऊ रस्ता साफ करतो आणि सगळं ढकलून तुमच्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी आणून टाकतो ना, तो. त्याचे गोळे होतात, दगडासारखे. माणसं मरतात ती या सांज्यापायी." मग त्यांना आपण काय बोललो ते कळलं आणि त्यांनी गपचूप सांजा खाऊन टाकला.

म्हणून छोटी, हलकी मशीनं पहिल्या फेरीतच बाद झाली. त्यांना पुढे नुसतं रबराचं पातं, तेच बर्फ उचलणार आणि तेच फेकणार. रव्याला ठीक, म्हणाले भाऊजी. शिवाय त्यात पेट्रोलमध्ये तेल मापून मिसळावं लागतं, आणि पहाटे घाईत माप चुकणारच. आम्हाला हवं होतं ते दोन टप्प्यांचं. पुढे लोखंडी मळसूत्र, ते बर्फ फोडून आत ओढतं, आणि मागे पंखा, तो नळीतून लांब फेकतो. चाकं स्वतःच्या जोरावर पुढे-मागे जाणारी. फार रुंदही नको, कारण गराजमध्ये गाडी उभी असताना बाजूनं निघालं पाहिजे. "मोठं मशीन पुरुषांना आवडतं," भाऊजी म्हणाले, "वळवता येत नाही ते त्यांना नंतर कळतं." हे तेव्हा शेजारच्या खोलीत टीव्ही बघत होते. टीव्हीचा आवाज एकदम वाढला.

गावात लॉनमोअर आणि स्नो ब्लोअर विकणारं, दुरुस्त करणारं एक दुकान होतं. तिथल्या लालबुंद चेहऱ्याच्या मालकाला भाऊजींनी त्या वर्षी फार छळलं. ऑगस्टच्या उन्हात आम्ही तिथे गेलो. मी साडीत, आणि भाऊजींच्या हट्टापायी हातात लोकरीचे जाड मिटन्स. "थंडीत हे घालूनच चालवणार ना? मग हे घालूनच बघायचं." प्रत्येक मशीनची दोरी मी खेचून बघायची, दट्ट्या मी दाबायचा, नळी फिरवायचं हँडल मिटन्ससकट मी फिरवायचं. मालक बिचारा काही सांगायचं झालं की भाऊजींकडे बघून बोलायचा. भाऊजी दर वेळी माझ्याकडे बोट दाखवायचे. शेवटी त्याला सवय झाली.

वीज लावून बटणानं सुरू होणारं मशीन मला पसंत पडलं. भाऊजी म्हणाले, बटण पाहिजेच, पण दोरीही पाहिजे, कारण ज्या दिवशी बर्फ जास्त त्याच दिवशी वीज जाते. मग दोन्ही असलेली मशीनं निवडली. आता तरी झालं असेल असं मला वाटलं. तेवढ्यात भाऊजी म्हणाले, "वहिनी, आता चक्कर आल्यासारखं करा."

"म्हणजे?"

"मशीन चालू आहे. तुम्ही चालवताय. एकदम चक्कर येते. हात सुटतात. तेव्हा मशीन थांबलं पाहिजे. पुढे चालत राहिलं तर फेल."

मी आजूबाजूला बघितलं. दुकानात दोन-तीन गोरी गिऱ्हाइकं होती. पण भाऊजींचा चेहरा इतका गंभीर होता की मी मशीन चालू केलं, डोळे मिटले, दोन्ही हात सोडले आणि हळूच बाजूला कलंडले. हळूच कलंडायचं ठरवलं होतं, पण साडी मशीनच्या चाकात अडकली आणि मी धाडकन् सिमेंटवर पडले. मालक ओरडत फोनकडे धावला. एका बाईनं माझं डोकं मांडीवर घेतलं. आणि भाऊजी माझ्याकडे न बघता मशीनकडे बघत उभे होते. "थांबलं," ते म्हणाले. "लगेच थांबलं. उठा वहिनी." त्या बाईनं त्यांच्याकडे जे बघितलं, ते मी अजून विसरले नाही. पुढच्या खेपेपासून मी पँट घालून जाऊ लागले.

एवढं करून भाऊजी काय म्हणाले? "बघू."

सप्टेंबर गेला. झाडं लाल-पिवळी झाली. एके दिवशी मी घरी आले तर हे गराजमध्ये फावड्याच्या पात्याला मेण लावत बसले होते. बर्फ चिकटू नये म्हणून. माझ्याकडे न बघता म्हणाले, "लागलं तर असू दे म्हटलं." मी आत गेले आणि फोन उचलला. भाऊजींवर मी पहिल्यांदाच आवाज चढवला. "भाऊजी, तुमचा रिपोर्ट येईपर्यंत स्नो थांबणार नाहीये. तुम्हाला मशीन बिघडेल याची काळजी आहे. मला माणसाची आहे."

मग म्हणाले, "शनिवारी घेऊ."

आणि खरंच शनिवारी घेतलं. मालकानं आमच्या दोघांचे हात इतक्या जोरात हलवले की त्याला आम्ही जातोय याचाच आनंद झाला असावा. निघताना भाऊजींनी मूठभर लोखंडी पिना विकत घेऊन आपल्या कोटाच्या खिशात टाकल्या. मी विचारलं, या कशाला? मळसूत्राच्या दांड्यात एक पिन असते, ती मुद्दाम कच्ची केलेली असते, असं त्यांनी सांगितलं. मळसूत्रात दगड अडकला तर ती पिन आधी तुटते, आणि आतला गिअरबॉक्स वाचतो. मला हे सगळं तेव्हा कंटाळवाणं वाटलं. मशीन गराजमध्ये आलं, एवढ्यानंच मी खूश होते.

त्याच आठवड्यात दसरा होता. आमच्याकडे दसऱ्याला गाडीची, हत्यारांची पूजा होतेच, मग नव्या मशीनची व्हायलाच हवी. मी त्याला हळदकुंकू वाहिलं, अंगणातल्या झेंडूची माळ हँडलवर घातली. ह्यांनी नमस्कार केला, जरा घुश्शातच, पण केला. नारळ पुढे ठेवला तर गराजच्या उतारावरून तो घरंगळायला लागला, म्हणून मी तो मशीनच्या तोंडात, मळसूत्राच्या आड टेकवून ठेवला. संध्याकाळी फोडायचा होता. तेवढ्यात सोनं वाटायला मंडळी आली, जेवणं झाली, आणि ह्यांनी मशीनचं तोंड भिंतीकडे करून वर ताडपत्री घातली. नारळ कोणाच्याच लक्षात राहिला नाही.

सुरुवातीला पडला तो नुसता रवा. तो मी झाडूनं काढला, आणि हे खिडकीतून बघत राहिले. खिडकीतलं ते बघणं मला सहन होत नसे. जगातल्या कुठल्याही बायकोला आपला नवरा असा खिडकीत उभा बघवणार नाही. पण मी मनाशी म्हणायचे, उभा तर आहे.

मग डिसेंबरात एका सकाळी उठून बघते तर दारातली गाडी कुठली आणि झुडूप कुठलं ते कळेना. प्लाऊ येऊन गेला होता आणि ड्राइव्हवेच्या तोंडाशी कंबरेएवढा गार सांजा घालून गेला होता. मी गाऊनवरच कोट चढवला, मिटन्स घातले, ताडपत्री काढून मशीन मागे ओढून बाहेर काढलं. बटण दाबलं. एका झटक्यात सुरू झालं. मला इतका आनंद झाला की मी खिडकीकडे बघून हात हलवला. मग मळसूत्र फिरवायचा हँडलवरचा दांडा दाबला, आणि खट्ट असा आवाज होऊन मळसूत्र जागच्या जागी थांबलं. इंजिन चालू, पंखा चालू, मळसूत्र मात्र ढिम्म.

मी बंद करून पुन्हा सुरू केलं. तेच. ते बंद करून मागे वळले तर हे गराजच्या दारात, कोट, टोपी, बूट घालून, आणि हातात फावडं.

"सरक," हे म्हणाले. "अर्ध्या तासाचं काम आहे."

"तुम्ही आत जा."

"ऑफिसला जायचंय. किती वेळ त्या डबड्याशी खेळणार?"

मी आत धावले आणि भाऊजींना फोन लावला. ते नुकतेच उठले असावेत. मी काय झालं ते सांगितलं.

"आवाज कसा आला? कडाड की खट्ट?"

"खट्ट."

"छान. पिन गेली. गिअरबॉक्स वाचला. फावडं कुठे आहे?"

मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितलं. ह्यांनी पहिलं फावडं भरून बाजूला टाकलं होतं आणि दुसरं भरत होते. "ह्यांच्या हातात," मी म्हटलं.

"निघालो," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मी बाहेर गेले. आधी म्हटलं, अहो थांबा. मग फावड्याचा दांडा धरून ओढलं. ह्यांनीही ओढलं. समोरच्या घराचा पडदा हलला. हे दबक्या आवाजात म्हणाले, "तमाशा करू नकोस. मी काय काचेचा झालोय? सगळा जन्म खिडकीत बसून काढू?" आवाजात राग होता, पण डोळ्यांत वेगळंच काहीतरी होतं. मी दांडा सोडला आणि ह्यांच्या समोर, जिथे पुढचं फावडं पडणार होतं तिथेच, बर्फात मांडी घालून बसले. आता काढा म्हटलं, मला उचलून बाजूला टाका.

हे बघतच राहिले. लेक दारात येऊन म्हणाली, "मॉम, व्हॉट आर यू डुइंग? द नेबर्स!" मी हलले नाही. गाऊनमधून थंडी वर वर चढत होती, दात वाजत होते, आणि हे फावड्यावर रेलून श्वास घेत उभे होते. मी त्यांचा श्वास ऐकत होते. दुसरं काही ऐकूच येत नव्हतं मला.

अशा थाटात भाऊजींची गाडी येऊन रस्त्यावर थांबली. ते ढिगावरून लांब टांगा टाकत आले, आमच्या दोघांकडे एकदा बघितलं आणि काही न विचारता सरळ मशीनपाशी जाऊन गुडघ्यावर बसले. आत हात घातला. बराच वेळ चाचपून त्यांनी जे बाहेर काढलं, ते त्यांनी आधी उजेडात धरलं, मग कानाशी नेऊन हलवलं.

"नारळ पास," ते म्हणाले. "पाणी आहे अजून."

मला हसू यावं की रडू, ते कळेना. दसऱ्याचा नारळ. मळसूत्रात अडकलेला, शेंडीसकट शाबूत. भाऊजींच्या चेहऱ्यावर मात्र मी कधी न बघितलेलं तेज होतं. "वहिनी, दगडाची टेस्ट मला करायचीच होती, दुकानदार करू देत नव्हता. तुम्ही नारळानं केलीत."

मग त्यांनी खिशातून एक पिन काढली, तुटलेली पिन ठोकून काढायचा खिळा आणि हातोडी काढली, आणि कोटाचे खिसे चाचपले. "चष्मा राहिला वाटतं घरी," म्हणाले. "मला हे भोक दिसणार नाही. जरा बघता का हो तुम्ही?" चष्मा त्यांच्या शर्टच्या खिशात होता. त्याची काडी मला स्पष्ट दिसत होती. ह्यांनी फावडं बर्फात रोवलं, गराजमधली बादली उपडी घालून तिच्यावर बसले आणि हातोडी हातात घेतली.

तुटलेला तुकडा आत घट्ट बसला होता. ह्यांनी तो हलक्या हातानं, तिरका ठोका घालत, बेतानं बाहेर काढला. आपला नवरा इंजिनिअर आहे, हे मी त्या वर्षात जवळजवळ विसरलेच होते. नवी पिन बसवली, मळसूत्र हातानं फिरवून बघितलं, हँडलवरच्या दांड्याची तार जरा ढिली होती ती आवळली. भाऊजी वाकून नुसते "हं, हं" करत होते. "हे डिपार्टमेंट तुमचं," ते एकदम म्हणाले. "चालवणं वहिनींचं, नीट चालतं ठेवणं तुमचं. वहिनींना पिन बसवता यायची नाही." यायची होती मला. पण मी तोंडातून ब्र काढला नाही.

"चोक अर्धा ठेव," हे मला म्हणाले. "आणि एकदम ढिगात घालू नकोस. कडेकडेनं खात जा." बऱ्याच दिवसांनी ह्यांनी मला काहीतरी हक्कानं शिकवलं होतं. मी कडेकडेनं खात गेले. मशीननं तो सगळा सांजा उचलून लॉनवर लांब फेकला. मधूनमधून मी मागे वळून बघत होते. हे बादलीवर बसून, मान तिरकी करून, मशीनचा आवाज ऐकत होते. ह्यांच्या गालावर रंग आला होता, थंडीचा असेल, पण मला बरं वाटलं. छातीवरचं ओझं उतरणं म्हणजे काय असतं, ते मला त्या सकाळी कळलं.

चहा पिऊन भाऊजी निघाले. जाताना त्यांनी बर्फात रोवलेलं फावडं उपटलं, झटकलं आणि आपल्या गाडीच्या डिकीत ठेवलं.

"हे कुठे?" ह्यांनी विचारलं.

"टेस्टिंगला नेतो."

"कसली टेस्टिंग?"

"बघू," भाऊजी म्हणाले आणि गाडीत बसले.

ते न कळण्याइतके हे दुधखुळे नव्हते. दुकानं होती, दुसरं फावडं केव्हाही आणता आलं असतं, आणि ती धास्ती मला होतीच. आणलं नाही, एवढं खरं. पण कबूलही केलं नाही. पुढच्या हिवाळ्यात भाऊजी जेवायला आले की हे तिरकसपणे विचारायचे, "आमच्या फावड्याचं काय झालं?" भाऊजी आमटीच्या दोन वाट्यांवरून नजर न उचलता म्हणायचे, "चाललंय." त्याच्या पुढच्या हिवाळ्यात तेच. पण तोपर्यंत हे दर नोव्हेंबरात मशीन उघडून बसू लागले होते. पेट्रोल काढून टाकायचं, ताजं भरायचं, पट्टा बघायचा. शेजारच्या आजोबांनीही नंतर मशीन घेतलं, आणि ते घ्यायला हेच त्यांच्याबरोबर गेले. दुकानात हे मशीनभोवती फेऱ्या मारत होते, असं आजोबांच्या बायकोनं मला सांगितलं. प्रश्न चालू राहिला, पण त्यातला कडवटपणा कधी गेला ते मला सांगता यायचं नाही. मी मात्र दर वेळी तो ऐकला की हातातलं काम थांबवून ह्यांच्याकडे बघायचे. फावडं मनातून अजून सुटलं नसेल तर, असं वाटायचं.

ऐंशीचं दशक संपता संपता भाऊजी रिटायर झाले. सांगलीला बहिणीकडे जायचं ठरवलं त्यांनी. ठरवायला अर्थातच खूप वेळ लावला. अपार्टमेंट रिकामं केलं आणि एका दुपारी निरोप घ्यायला आमच्याकडे आले. बाहेर त्या वर्षीचा पहिला बर्फ भुरभुरत होता. मी दार उघडलं तर हातात मिठाईचा डबा वगैरे काही नाही. फावडं. ह्यांनी लावलेलं मेण अजून पात्यावर होतं.

इतक्या वर्षांनी हा माणूस हे परत कशाला घेऊन आला?

हे आतून आले. दोघं समोरासमोर उभे राहिले, मधे ते फावडं.

"सामान आवरलं," भाऊजी म्हणाले. "हे तुमचं राहिलं होतं. टेस्ट अजून ओपन आहे. आता मी जाणार, म्हणजे बंद करायला पाहिजे." फावडं पुढे करत ते म्हणाले, "मला काही ठरवता आलं नाही. तुम्ही सांगा, काय लिहू?"

ह्यांनी फावडं हातात घेतलं. दांड्यावरून हात फिरवला, वजन बघितलं, एकदा बाहेर ड्राइव्हवेकडे बघितलं. मी दाराची कडी धरून उभी होते.

"फेल लिहा," हे म्हणाले, आणि फावडं भाऊजींच्या हातात परत दिलं.

भाऊजींनी मान हलवली. मी चहाचं आधण ठेवायला म्हणून आत आले, आणि ओट्याला धरून पोटभर रडले. बाहेर ते दोघं कार्ब्युरेटरवर काहीतरी वाद घालत होते, आणि मला कसलीच घाई नव्हती.